छपराची ठेव

कुलूपकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चर्चच्या कपाटाला कुलूप, ऑर्गनच्या झाकणाला कुलूप, मेणबत्त्यांच्या खोक्याला कुलूप, आणि रविवारच्या उपासनेनंतर जो चहा व्हायचा त्याच्या साखरेच्या डब्यालासुद्धा एक चिमुकलं कुलूप. पोरं म्हणायची, काका झोपताना तोंडालाही कुलूप लावतात, म्हणून काकूंना घोरणं ऐकू येत नाही. काका हे ऐकून हसायचे. खजिनदाराची टिंगल चाललीय तोवर सगळं ठीक आहे, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मताला कारणही तसंच होतं.

त्यांच्या आधीच्या खजिनदाराची कुणी कधी टिंगल केली नव्हती. काय तो माणूस! बोलायला गोड, हसायला पुढे, कुणाच्या घरी आजारपण असलं की फळं घेऊन हजर. त्यानं चर्चच्या भिंती रंगवायचं काम साडूला दिलं, बाकं करायचं काम भाच्याला दिलं, आणि एका सकाळी बायकोपोरांसकट जो गेला तो गेलाच. बँकेत खडखडाट. विजेचं बिल थकलेलं, म्हणून त्या रविवारची उपासना अंधारात झाली. पाळकसाहेब बिचारे खिडकीपाशी उभे राहून शास्त्र वाचत होते. मंडळी म्हणाल तर लहानशीच, सगळी हातावर पोट असलेली माणसं. कुणी शिवण करणारी, कुणी बस चालवणारा, कुणी दवाखान्यात फरशी पुसणारी. त्यांच्या घामाचा पैसा असा गेला म्हटल्यावर लोकांचं मन उडालं. निम्मी माणसं यायची बंद झाली.

तेव्हा मंडळीच्या पंचकमिटीच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या मंडळीनं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. त्या सरळ काकांच्या दुकानी आल्या. काका धंद्यानं पाट्या रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे थुंकू नये'च्या पाट्या. त्या वेळी ते शिडीवर चढून एका चष्मेवाल्याच्या पाटीला पांढरी कड काढत होते. बाई खालून म्हणाल्या, "अख्ख्या वर्गात खडू न चोरणारा तू एकटा होतास. उतर खाली."

काका उतरले आणि खजिनदार झाले.

बाईंनी आणि त्यांनी मिळून काही नियम केले. अर्पणाची थैली दोघांनी समोरासमोर बसूनच मोजायची. कुठलंही मोठं काम तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय द्यायचं नाही. नातेवाइकाला तर मुळीच द्यायचं नाही, फुकट करतो म्हणाला तरी. कर्ज काढायचं नाही. आणि छपरासाठी जी ठेव बँकेत ठेवायची तिला मुदत भरल्याशिवाय बोट लावायचं नाही. चर्चचं छप्पर जुनं होतं, आज ना उद्या ते बदलावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी वर्षानुवर्षं पै-पै साठवली. बाकांना रंग स्वतः दिला, रंगाचे पैसेही घेतले नाहीत. लोक हळूहळू परत आले. रविवारी हिशोब वाचून दाखवताना काकांचा आवाज असा काही लागायचा, की तसा पाळकसाहेबांचाही प्रवचनाला लागत नसे. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, दुकानही छापील फलकांमुळे बसत चाललेलं. पण मंडळीचा एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, हे त्यांना बोलून दाखवता यायचं, आणि ते दाखवायचेही.

अशात एके दिवशी त्यांचा मेव्हणा चर्चमध्ये शिडीवर चढला.

मेव्हणा म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, सुतार. हाताचा चांगला, पण प्रत्येक गोष्ट फुगवून सांगायची खोड. त्याच्या मते जगातलं प्रत्येक लाकूड मरणपंथाला लागलेलं असे. शेजाऱ्याचं कपाट आज पडतंय की उद्या, असं तो म्हणाला त्याला दहा वर्षं झाली, कपाट अजून उभं आहे. तर वरच्या खिडकीचं दार नीट बसत नव्हतं, ते ठोकायला तो वर गेला. ठोकलं. मग छपराखालची, डावीकडच्या बाकांवरून गेलेली मोठी तुळई हाताशी आली म्हणून सहज तिच्यावर बोटांनी टकटक केली. पुन्हा केली. खिशातला पेचकस काढून टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि या वेळी त्यानं काहीच फुगवलं नाही. तेच काकांना जास्त लागलं.

"दादा, ही तुळई संपलीय," तो म्हणाला. "वरचा रंग तेवढा उभा आहे. आत वाळवीनं काही ठेवलं नाही."

काकांनी विचारलं, पडेल का? तो म्हणाला, पडेल. कधी? "ते कोण सांगणार? उद्या पडेल, नाहीतर वर्षभर अशीच राहील."

काकांनी या वाक्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. ठेवीची मुदत भरायला वर्षाला थोडं कमीच होतं.

ते बँकेत गेले. खिडकीतल्या मुलीनं समजावून सांगितलं, काका, ठेव आता मोडली तर व्याज कापलं जाईल, वर दंड. काकांनी तिथंच, उभ्या उभ्या, चष्म्याच्या काडीनं काउंटरच्या लाकडावर हिशोब केला. उरलेल्या रकमेत छप्पर पुरं होत नव्हतं. राहिलेल्या भागाला कर्ज. कर्ज म्हटलं की पुन्हा तेच, लोक म्हणणार, आला बघा दुसरा. थोडा धीर धरला तर सगळं छप्पर, कर्ज नाही, आणि वर चार पैसे शिल्लक. शहाण्या माणसानं काय करावं? काकांनी धीर धरायचं ठरवलं.

मेव्हण्यानं निदान मधोमध एक टेकू लावू द्या म्हणून विनवलं, आपल्याच लाकडाचा, फुकट. काका नको म्हणाले. एक तर नातेवाइकाचं काम, नियमात बसत नाही. दुसरं, भर चर्चमध्ये खांब दिसला की लोक विचारणार, कशाला? कळलं की घाबरणार, कमिटी ठेव मोडायला लावणार, आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. काकांनी बजावलं, हे कुणाजवळ बोलायचं नाही, घरातही नाही. मेव्हणा गप्प बसेना, तेव्हा काका असं बोलले की ते त्याच्या जिव्हारी लागलं. "भावजी, तुम्ही बोललात तर लोक काय म्हणतील माहितीय? सुताराला काम हवंय म्हणून बोंब मारतोय."

मेव्हणा गप्प बसला. हत्यारं पिशवीत भरता भरता एवढंच म्हणाला, की मग त्या तुळईखालच्या बाकांवर तरी कुणाला बसू देऊ नका.

आता आली का पंचाईत! बसू देऊ नका म्हणजे काय सांगून? काकांना खोटं बोलता येत नव्हतं, निदान त्यांची तशी समजूत होती. मग त्यांना युक्ती सुचली. पाट्या रंगवणारा माणूस, दुसरी काय सुचणार! शनिवारी संध्याकाळी ते डबा-ब्रश घेऊन चर्चमध्ये गेले, डावीकडच्या मधल्या बाकांना रंगाचा एक हात मारला, दोरी बांधली आणि सुबक अक्षरांत पाटी लावली, 'रंग ओला आहे'. ओला होताच की. खोटं कुठं होतं?

पुढच्या शनिवारी पुन्हा एक हात. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. मंडळीला तर विषयच मिळाला. म्हणे, काकांचा रंग सासूच्या रागासारखा, वाळतच नाही. म्हणे, त्या बाकांना इतके थर बसलेत की आता लाकूड काढून घेतलं तरी बाकं उभी राहतील. काका नेहमीसारखे हसायचे. फक्त हल्ली हसताना त्यांची नजर वर जायची.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी यायला लागले. त्या बाकांवर, ओल्या रंगाला चिकटून, पिवळसर बारीक भुकटी पडलेली असायची. आधी चिमूटभर, मग मूठभर. ते रुमालानं ती टिपायचे. काकूंनी कपडे धुताना विचारलं, अहो, पाट्यांच्या दुकानात ही लाकडाची भुकटी कुठून? काका म्हणाले, चौकटी घासतो ना. काकूंनी तो रुमाल दुसऱ्यांदा पाण्यात बुचकळला आणि नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. चौकटींचं मात्र खोटं होतं, आणि ते तोंडातून किती सहज गेलं याची काकांनाच भीती वाटली.

मग आवाज सुरू झाला. गीत ऐन रंगात आलं, सगळे मोठ्यानं गायला लागले, की वरून कुठूनतरी बारीकसं 'कर्र' यायचं. गाणाऱ्याला ऐकू जाणार नाही असं. काका गात नव्हते, म्हणून त्यांना ऐकू यायचं. त्यांनी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सुचवलं, हल्ली आपण फार जोरात वाजवतो, नाही? जरा हळुवार वाजवावं, भक्तिभावानं. त्या बाई फणकारल्या, आता खजिनदार संगीतातही काटकसर करणार वाटतं. जेवताना ताटात आमटी पडल्याचा आवाज झाला तरी काकांचा हात थांबायचा. काकू म्हणायच्या, डॉक्टरला दाखवा एकदा. त्यांनी दाखवलं नाही. काय सांगणार होते डॉक्टरला?

सांगायला ते एकदा गेले होते, मोठ्या बाईंकडे. बाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. खोलीत औषधाचा वास, उशाशी पाण्याचा तांब्या. काका खुर्ची ओढून बसले, घसा खाकरला. बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, ठेव सुरक्षित आहे ना रे? काका म्हणाले, आहे. बाई म्हणाल्या, "मग मला झोप लागेल." आणि खरंच त्यांना झोप लागली. काका पाय न वाजवता बाहेर आले.

पुढच्याच महिन्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, बाई गेल्या.

अंत्यविधीची उपासना दुसऱ्या दिवशी ठेवली. आणि लोक आले, काय सांगावं! बाईंच्या हाताखालून गेलेली तीन पिढ्यांची माणसं, केस पिकलेले विद्यार्थी, पोरंबाळं कडेवर घेतलेल्या विद्यार्थिनी. दारातून आत यायला जागा नाही. मेव्हण्यानंच शवपेटी केली होती, आणि तो कबरीची व्यवस्था बघायला आधीच दफनभूमीवर गेला होता. काका दारात माणसांना वाट करून देत होते. वळून पाहतात तो डावीकडची दोरी सुटलेली. कुणीतरी बाकाला बोट लावून पाहिलं होतं, आणि बाक कोरडं होतं. शनिवार अजून यायचा होता ना! 'रंग ओला आहे'ची पाटी कुणीतरी व्यवस्थित उचलून खिडकीत ठेवली होती. बाकं खचाखच भरली होती.

त्यातल्या दुसऱ्या बाकावर, अगदी मधोमध, काकांची धाकटी बहीण बसली होती. तिच्या मांडीवर तिच्या लेकीची लेक, पाच महिन्यांची, पांढरी टोपी घातलेली. लेकीला कामावर सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आजी नातीला घेऊन आली होती.

काका पाय पुढे टाकायला गेले, आणि त्याच वेळी पाळकसाहेबांनी खूण केली, थैली फिरवा. आता सांगायचं तर कसं? उठा म्हणायचं, तर का म्हणून विचारतील. का ते सांगितलं, तर कधीपासून ठाऊक होतं हे विचारतील. आणि तेही कुणासमोर? बाईंच्या शवपेटीसमोर, भरल्या चर्चमध्ये, ज्यांनी खडू न चोरणारा म्हणून निवडला त्यांच्यासमोर. एवढे महिने राहिली तुळई. आता एक गीत आणि एक प्रार्थना, एवढंच उरलं होतं. ठेवीची मुदतही आता भरतच आली होती.

काकांनी थैली घेतली आणि उजवीकडच्या बाकांपासून सुरुवात केली.

बाईंच्या आवडीचं गीत होतं. लोकांनी जीव तोडून गायलं, रडत रडत गायलं. ऑर्गनवालीनं त्या दिवशी कुणाचं ऐकायचं नाही असंच ठरवलं होतं. काका डाव्या बाजूला आले तेव्हा वरून 'कर्र' झालं, नेहमीपेक्षा लांब. बाळाच्या टोपीवर भुकटी पडली. बहिणीनं ती हातानं झटकली, वर पाहिलं, आणि मग भावाकडे पाहून रडक्या डोळ्यांनी थोडं हसली. काकांनी थैली तिच्यापुढे धरली. तिनं रुमालाची गाठ सोडून नाणं टाकलं. काका पुढच्या माणसाकडे सरकले.

गीत संपलं. प्रार्थना संपली. शवपेटी उचलली गेली, तिच्यामागून सगळी माणसं बाहेर पडली, बहीणही बाळाला घेऊन बाहेर पडली. तुळई पडली नाही. रिकाम्या चर्चमध्ये काका एका बाकावर बसले आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. बघा, आपला अंदाज खरा ठरला. हे मनात आलं, आणि आल्याबरोबर त्यांना स्वतःची शिसारी आली. दफनभूमीवर ते सर्वांत शेवटी पोचले.

ठेवीची मुदत भरली. पूर्ण व्याज मिळालं. तीन ठिकाणचे दर आले, त्यातला सर्वांत कमी दराचा ठेकेदार धरला, नातं ना गोतं. माणसं आली, बांबू बांधले, कडेचं छप्पर उतरवायला लागली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, वर कुणी नसताना, तुळईवरचा भार एका बाजूला गेला आणि ती मधोमध मोडून खाली आली. आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानांपर्यंत गेला. डावीकडची बाकं खालची खाली चेपली, दुसऱ्याचे तर दोन तुकडे झाले.

सगळी मंडळी बघायला धावली. तुळईच्या आत लाकूड नव्हतंच, नुसती पिवळी माती. देवानं राखलं, असं जो तो म्हणू लागला. पाळकसाहेबांनी तिथंच उभं राहून आभाराची प्रार्थना केली, आणि प्रार्थनेत काकांचंही नाव घेतलं, की या भावाच्या दूरदृष्टीनं योग्य वेळी काम सुरू झालं. लोकांनी काकांचे हात हातात घेतले. मेव्हणा मोडक्या बाकापाशी उभा होता. त्यानं एक तुकडा उचलला, तो बोटांत कुसकरला गेला. मग त्यानं बायकोला हळूच विचारलं, बाईंच्या दिवशी तू कुठं बसली होतीस? तिनं बोट दाखवलं.

रविवारी दुपारी बहीण नेहमीसारखी भावाकडे आली. काकांचं घर वरच्या मजल्यावर, दुकानाच्या माथ्यावर. तिनं बाळाला नेहमीसारखं काकांच्या मांडीवर दिलं. काकू आत चहाला गेल्या. बाळ काकांच्या सदऱ्याचं बटण तोंडात धरायला बघत होतं, आणि काका त्याला नको गं, नको गं म्हणत होते.

"दादा," बहीण म्हणाली, "ह्यांनी तुला तुळईचं कधी सांगितलं होतं?"

काका म्हणाले, वर्ष होत आलं असेल.

"आणि मी बाळाला घेऊन तिथं बसले होते, ते तू पाहिलंस."

"पाहिलं."

मग काका सांगायला लागले. आधीच्या खजिनदारापासून सुरुवात केली. कर्ज काढलं असतं तर काय झालं असतं, लोकांचा विश्वास कसा एकदा उडाला की उडाला, तीन दरांचा नियम बाईंनीच कसा घातला होता, रंगाचे पैसे आपण पदरचे कसे घातले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर बहिणीनं विचारलं, "व्याज किती मिळालं रे?"

इथं काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण मंडळीच्या पैशाबद्दल मंडळीतल्या कुणीही विचारलं की चोख उत्तर द्यायचं, ही त्यांची आजन्माची सवय. त्यांनी आकडा सांगितला, वरच्या सुट्ट्या पैशांसकट.

बहिणीनं तो आकडा एकदा तोंडातल्या तोंडात म्हटला, दुकानात भाव ऐकून म्हणतात तसा. मग उठली, बाळाच्या मुठीतून सदऱ्याचं बटण हळूच सोडवलं आणि त्याला काकांच्या मांडीवरून उचललं. काकूंनी आतून चहा झाल्याची हाक मारली, तेव्हा ती जिना उतरून रस्त्याला लागली होती.